क्वांटमस्केप दहा-बारा वर्षं धरून ठेवायचा असेल तर नेमकं काय तपासायचं?

तळ्यातला_मासा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. क्वांटमस्केपबद्दल (अमेरिकी शेअर बाजारातलं चिन्ह क्यूएस) विचारायचं आहे. कंपनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेची, २०१० साली स्टॅनफर्डमधून निघालेली. सॉलिड-स्टेट लिथियम-मेटल बॅटरी बनवते, आणि फोक्सवॅगन २०१२ पासून पाठीशी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये स्पॅकच्या (आधीच बाजारात असलेल्या रिकाम्या कंपनीत विलीन होण्याच्या) मागच्या दाराने बाजारात आली. २२ डिसेंबर २०२० ला १३१.६७ डॉलरवर बंद झालेला शेअर एप्रिल २०२५ मध्ये ४ डॉलरच्याही खाली होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात १५ च्या वर गेला. म्हणजे भाव बघून काही कळण्यातलं नाही.

एकूण गुंतवणुकीच्या जास्तीत जास्त ३ टक्के, दहा-बारा वर्षं हात लावायचा नाही, अशा हिशेबाने विचारतोय. कंपनी दर तिमाहीला काहीतरी 'टप्पा गाठला' म्हणून सांगते. त्यातलं खरं किती वजनाचं, हे कशावरून ओळखायचं? आजची किंमत वाजवी आहे की नाही हे विक्रीच नसलेल्या कंपनीच्या बाबतीत कसं मांडायचं? आणि भारतातून घेतला तर कराची आणि कागदपत्रांची काय भानगड आहे? भारतात याला काही पर्याय असेल तर तोही सांगा.

लक्ष्यभाव नकोत. 'टेस्लासारखं होईल बघा' हेही नको.

---

सेलवाला

बॅटरीपुरतं मी बोलतो, पैशाचं इतर कोणी सांगेल.

आधी सेल समजून घ्या, नाहीतर टप्पे कळणार नाहीत. नेहमीच्या लिथियम-आयन सेलमध्ये अ‍ॅनोड ग्राफाइटचा असतो, एका ग्रॅममागे सैद्धांतिक क्षमता ३७२ मिलिअँपिअर-तास. शुद्ध लिथियम धातूची ३,८६०. म्हणजे ग्राफाइट काढून टाकला तर जागा आणि वजन दोन्ही वाचतं. क्वांटमस्केपचा सेल कारखान्यातून निघतो तेव्हा त्यात अ‍ॅनोडचं साहित्य नसतंच. पहिल्या चार्जिंगला कॅथोडमधलं लिथियम सेपरेटर (मधला पडदा) ओलांडून पलीकडे जातं आणि धातूचा थर बनून बसतं. डिस्चार्ज झाला की थर विरतो. सेल अक्षरशः फुगतो आणि बसतो, म्हणून त्यांनी पाऊच आणि डबा यांच्या मधला 'फ्लेक्सफ्रेम' नावाचा साचा केला आहे.

अडचण अशी की लिथियम सपाट बसत नाही, त्याला सुया फुटतात. डेंड्राइट म्हणतात ते हेच. सुई पलीकडे पोचली की शॉर्ट. ती अडवायला मधे सिरॅमिकचा पातळ पडदा आहे आणि कंपनीची सगळी पुंजी त्या पडद्यात आहे. कॅथोडच्या बाजूला मात्र सेंद्रिय द्रव वापरतात, कंपनी त्याला कॅथोलाइट म्हणते. तेव्हा 'आत द्रवाचा थेंबही नाही' असं कोणी व्हिडिओत सांगत असेल तर त्याने कंपनीचे कागद वाचलेले नाहीत एवढं समजा.

आता चाचणीचा आकडा कसा वाचायचा. आलेख दिसला की तळटीप आधी वाचा. सेलमध्ये कॅथोड-पडद्याचे थर किती होते? तापमान किती? बाहेरून दाब किती दिला होता? चार्ज आणि डिस्चार्जचा वेग किती? आकडा एका निवडक सेलचा आहे की पंचवीस-तीस सेलच्या सरासरीचा? डिसेंबर २०२० मध्ये ज्या आकड्यांवर शेअर आकाशाला भिडला ते एका थराच्या सेलचे होते, ३० अंशाला, ३.४ वातावरण दाबाखाली. त्यात खोटं काही नव्हतं, पण एक थर म्हणजे बॅटरी नव्हे. २४ थरांचे 'ए' नमुने गाडी कंपन्यांकडे जायला डिसेंबर २०२२ उजाडलं. त्यांची चाचणी फोक्सवॅगनच्या पॉवरको या बॅटरी कंपनीने स्वतः केली आणि जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की १,००० पेक्षा जास्त चक्रांनंतरही ९५ टक्के क्षमता शिल्लक आहे. माझ्या लेखी आजवरची सगळ्यात वजनदार बातमी ती. कारण मोजणारा हात गिऱ्हाइकाचा होता.

सध्याचा सेल क्यूएसई-५: क्षमता ५ अँपिअर-तास, ऊर्जा सुमारे २१.६ वॉट-तास, लिटरमागे ८४४ वॉट-तास, किलोमागे ३०१, आणि १० ते ८० टक्के चार्ज १२.२ मिनिटांत. आकडे चांगलेच आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात डुकाटीच्या व्ही२१एल या शर्यतीच्या मोटरसायकलवर हे सेल बसवून चालवूनही दाखवले. पण मोटरसायकल चालली म्हणजे कारखाना चालला असं होत नाही.

खरं घोडं पेंड खातं ते यील्डमध्ये, म्हणजे शंभरातले किती चांगले निघतात यात. २४ थरांच्या सेलचा हिशेब धरा. एक पडदा सदोष निघाला की अख्खा सेल बाद. पडदे ९५ टक्के चांगले निघत असतील तर ०.९५ चा २४ वा घात करा, २९ टक्के सेल चांगले. ९९ टक्के पडदे चांगले असतील तर ७९ टक्के सेल. ९९.९ टक्के असतील तेव्हा कुठे ९७.६. प्रयोगशाळेत ९५ टक्क्यांवर पेढे वाटतात, कारखान्यात त्याच आकड्यावर दिवाळं निघतं. दोष कसले? भाजताना पडलेलं सूक्ष्म छिद्र, कडेला गेलेला बारीक तडा, हाताळताना बसलेला धुळीचा कण. लिथियम नेमकी तीच फट शोधतं. वेगाने चार्ज करताना आणि थंडीत तर आधी तिथेच.

याच्याही पुढे, ७५ किलोवॉट-तासांच्या एका गाडीला असे साडेतीन हजारांच्या आसपास सेल लागतील. दहा लाखांत एक सेल रस्त्यावर बिघडतो असं धरलं तरी लाखभर गाड्यांत साडेतीनशे गाड्या झाल्या. सेल पेटणं सोडा, नुसता मेला तरी पॅक उघडावा लागतो.

म्हणून मला 'कोब्रा' महत्त्वाचा वाटतो. हे पडदा भाजण्याच्या प्रक्रियेचं नाव. आधीच्या 'रॅप्टर'पेक्षा साधारण २५ पट वेगवान, जागाही बरीच कमी, आणि जून २०२५ पासून नेहमीच्या उत्पादनात वापरात. भट्टी हीच खर्चाची आणि वेळेची गाठ असते. ती सुटली नसती तर बाकीचं सगळं व्यर्थ होतं. पडदे बनवायला जपानची मुराता आणि अमेरिकेची कॉर्निंग यांच्याशी २०२५ मध्ये करार झालेत, तेही याच दिशेचं पाऊल. सिरॅमिक पातळ आणि एकसारखं काढणं हा या दोघांचा पिढीजात धंदा आहे.

नमुन्यांच्या पायऱ्या लक्षात ठेवा. 'ए' म्हणजे कल्पना चालते. 'बी' म्हणजे रचना जवळपास ठरली, गाडीत बसवून बघा. 'सी' म्हणजे प्रत्यक्ष उत्पादनाच्या यंत्रांवर निघालेला माल. त्यानंतर गाडीच्या मॉडेलची मंजुरी. 'बी' ते 'सी' हे अंतर कॅलेंडरवर मोजू नका, इथेच वर्षंच्या वर्षं जातात.

---

ताळेबंद

सेलवाला यांच्याशी सहमत. तरी एक धरून चला: बॅटरी चालली आणि शेअरधारक बुडाला, हे एकदा होऊन गेलं आहे. ए१२३ सिस्टिम्स. सप्टेंबर २००९ ला १३.५० डॉलरने बाजारात आली, लिथियम-आयर्न-फॉस्फेट (एलएफपी) सेल बनवायची. २०१२ च्या मार्चमध्ये मिशिगनच्या कारखान्यातले सदोष सेल बदलून द्यायला साडेपाच कोटी डॉलरचा खर्च जाहीर झाला, ऑक्टोबरात दिवाळखोरी. आज त्याच रसायनावर निम्मं जग गाड्या चालवतंय. ए१२३ च्या शेअरधारकाला त्यातलं काय मिळालं? शून्य.

तेव्हा तंत्रज्ञानाच्या बरोबरीने तीन गोष्टी मोजायच्या: शेअर किती झाले, रोख किती महिने पुरेल, आणि प्रत्येक किलोवॉट-तासामागे कंपनीच्या पदरात किती पडणार.

शेअर. २०२० च्या शेवटी दोन्ही वर्ग धरून सुमारे ३६ कोटी. आज ६० कोटींच्या आसपास. मार्च २०२१ मध्ये ४० डॉलरने सुमारे १.२ कोटी शेअर विकून ४८ कोटी डॉलरच्या जवळपास उभे केले. ऑगस्ट २०२३ मध्ये ८ डॉलरने ३.७५ कोटी विकले तेव्हा मिळाले ३० कोटी. तिप्पट शेअर गेले आणि पैसे आले कमी. डायल्यूशन (नवे शेअर निघून जुन्यांचा हिस्सा पातळ होणं) म्हणजे काय हे या दोन ओळींत सगळं आलं. २०२५ च्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत भाव चढला तसे कंपनीने बाजारभावाने थेट शेअर विकून सुमारे २६ कोटी डॉलर घेतले. याला 'अ‍ॅट-द-मार्केट' विक्री म्हणतात. लोक चिडले, पण धरून ठेवणाऱ्याने चिडायचं कारण नाही. विकायचेच असतील तर चढ्या भावात विकलेले बरे. भीती उलटी आहे: भाव ४ डॉलर असताना रोख संपत आली तर काय?

रोख. सप्टेंबर २०२५ अखेर सुमारे १ अब्ज डॉलर. २०२५ साठी समायोजित तोट्याचा अंदाज २४.५ ते २६ कोटी, यंत्रसामग्रीवर ३ ते ४ कोटी. म्हणजे वर्षाला २९ कोटींच्या घरात, साडेतीन वर्षांची शिदोरी. इथे एक मेख आहे. २०२४ चा समायोजित तोटा २८.५ कोटी होता, पण नियमांप्रमाणे मांडलेला निव्वळ तोटा ४७.८ कोटी. मधला फरक मुख्यतः कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर आणि घसारा यांचा. रोखीने नाही गेला म्हणून खर्च नाही असं कंपनी म्हणते. तो तुमच्या हिश्श्यातून गेला, एवढंच.

मिळकत. जुलै २०२४ पासून धंद्याचा साचाच बदलला. स्वतः कारखाना उभारायचं सोडून परवाना द्यायचा असं ठरलं. पॉवरकोला वर्षाला ४० गिगावॉट-तासांपर्यंत, पुढे वाढवून ८० पर्यंत सेल बनवायची मुभा, तीही अनन्य नाही. तांत्रिक प्रगती समाधानकारक झाली तर १३ कोटी डॉलर, रॉयल्टीची आगाऊ उचल म्हणून. जुलै २०२५ मध्ये आणखी १३.१ कोटींपर्यंत आणि ५ गिगावॉट-तास वाढवले. साखर कारखान्याची उचल आठवा. पुढच्या बिलातून वळती होणारी रक्कम म्हणजे नफा नव्हे.

आता किंमत मांडू. भाव १० डॉलर धरा, हिशेबाला सोपा. ६० कोटी शेअर, म्हणजे ६ अब्ज डॉलरची कंपनी. एवढी जोखीम घेऊन वर्षाला १५ टक्के तरी हवेत ना? दहा वर्षांत भाव ४.०५ पट व्हायला हवा, साडेचाळीस डॉलर. तोवर शेअर ६० चे ९० कोटी झाले असं धरू (मागच्या पाच वर्षांतली वाढ याहून जास्त आहे, म्हणजे मी हात सैलच सोडलाय). कंपनीचं मूल्य हवं ३६ अब्जांच्या वर. तेव्हा बाजार नफ्याच्या २५ पट देत असेल तर निव्वळ नफा हवा वर्षाला सुमारे १.४६ अब्ज.

रॉयल्टीचा दर जाहीर नाही. समजा सेल ८० डॉलर किलोवॉट-तासाने विकला गेला आणि ५ टक्के रॉयल्टी मिळाली, म्हणजे ४ डॉलर. कर आणि खर्च विसरा, सगळी रॉयल्टी नफाच समजा. तरी १.४६ अब्जांसाठी ३६४ गिगावॉट-तास सेल दरवर्षी बनायला हवेत. करारात कमाल ८५ आहेत. आणि २०२४ साली जगभरच्या विजेवरच्या गाड्यांत मिळून बसलेल्या बॅटऱ्या होत्या साधारण ९०० गिगावॉट-तासांच्या.

हा तक्ता एक्सेलमध्ये स्वतः करा, सहा रकाने पुरे: भाव, शेअर, दहा वर्षांनंतरचे शेअर, हवा असलेला परतावा, नफ्याची पट, किलोवॉट-तासामागची मिळकत. शेवटी येणारा गिगावॉट-तासांचा आकडा तुम्हाला पटतो का, एवढाच प्रश्न उरतो.

कागद कुठले वाचायचे: अमेरिकी नियामकाच्या एडगर या संकेतस्थळावर सगळे फुकट आहेत. वार्षिक १०-के मधला जोखमींचा भाग, तिमाही १०-क्यू चं पहिलं पान (तिथे ताजी शेअरसंख्या असते), ४२४बी५ म्हणजे नवे शेअर विकायची सूचना, आणि फॉर्म ४ म्हणजे अधिकाऱ्यांची खरेदी-विक्री. फॉर्म ४ बघून घाबरू नका. बरीचशी विक्री आधी ठरवून दिलेल्या वेळापत्रकाने किंवा कर भागवण्यासाठी होते, तळटीपेत लिहिलेलं असतं.

---

घासाघीस

ताळेबंद साहेब, हिशेब चोख आहे, पण ५ टक्के हा तुमचा आकडा आहे आणि सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. ८० डॉलरचा भावही मला पटत नाही. हा सेल स्वस्त गाडीत जाणारच नाही, पहिली काही वर्षं महागड्या गाड्यांत जाईल. तिथे गाडीवाला आकारमान आणि चार्जिंगच्या वेळेसाठी जास्त मोजेल. शिवाय ग्राफाइट आणि त्याच्या कोटिंगची उत्पादन-ओळ वाचते, त्या बचतीतला वाटा कंपनी मागणार. किलोवॉट-तासामागे १० डॉलर धरले तर?

---

ताळेबंद

१० धरले तर १४६ गिगावॉट-तास. ६ धरले तर २४३. तुमचं म्हणणं चूक नाही, म्हणूनच तो रकाना वेगळा ठेवला. फक्त एक विसंगती बघा: महागड्या गाड्यांपुरता माल असेल तर दर जास्त मिळेल, पण मग १४६ गिगावॉट-तास खपवायला तेवढ्या महागड्या गाड्या हव्यात. दर आणि खप दोन्ही एकदम चढे धरायचे नाहीत. बहुतेक तेजीवाल्या मांडण्या तिथेच फसतात.

---

तळ्यातला_मासा

दोघांचेही आभार, याच्यावर आठवडाभर बसता येईल. दोन उपप्रश्न. टोयोटा वगैरे आधी पोचले तर? आणि तिमाही निकालात 'कस्टमर बिलिंग्ज १.२८ कोटी डॉलर' असं आलं होतं, ती विक्री धरायची का?

---

सेलवाला

टोयोटा-इदेमित्सुचा (इदेमित्सु ही जपानी तेल कंपनी) रस्ता वेगळा आहे, सिरॅमिकऐवजी सल्फाइडच्या पडद्याचा. सल्फाइड मऊ असतं, दाबून पसरता येतं, वहन चांगलं. पण हवेतली ओल लागली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. त्यामुळे सगळा कारखाना कोरड्या खोलीत ठेवायचा. त्यांनी २०२७-२८ चं लक्ष्य सांगितलं आहे, सॅमसंग एसडीआयनेही २०२७ चं. टोयोटाच्या तारखा याआधी सरकलेल्या आहेत हेही खरं.

मला विचाराल तर खरा स्पर्धक टोयोटा नाहीच. साधा एलएफपी सेल आहे. त्याची किंमत दरवर्षी उतरतेय आणि चार्जिंगचा वेग चढतोय. ५ मिनिटांत ४०० किलोमीटरच्या घोषणा चिनी कंपन्या २०२५ मध्ये एलएफपीवरच करून मोकळ्या झाल्या. २०२० साली 'पंधरा मिनिटांत चार्ज' हे क्वांटमस्केपचं हुकमी पान होतं. आता ते पान इतरांच्या हातातही आहे. जमेची बाजू उरते ती आकारमान आणि वजन. म्हणून नवं सादरीकरण आलं की चार्जिंगचा आकडा सोडून आधी लिटरमागचे वॉट-तास बघा, आणि ते सेलचे आहेत की पॅकचे तेही. दाबाची चौकट, थंडाव्याची नळी हे सगळं धरून पॅकमध्ये आकडा बराच खाली येतो.

---

ताळेबंद

बिलिंग्ज म्हणजे त्या तिमाहीत गिऱ्हाइकाला किती रकमेची बिलं लावली. कंपनीच सांगते की याला हिशेबाच्या नियमांतली विक्री समजू नका. फोक्सवॅगन शेअरधारकही आहे, त्यामुळे त्यांच्याकडून आलेल्या पैशाची नोंद कुठे होते ते टिपांमध्ये शोधावं लागतं. पैसा खरा आहे, येणारी दिशा बरोबर आहे, पण ती विकासाच्या कामाची फी आहे, सेल विकल्याची नव्हे. वर्षाच्या २९ कोटींच्या खर्चासमोर ठेवून बघा.

आणि हो, एकच गिऱ्हाईक ही जोखीम वेगळी लिहून ठेवा. पॉवरकोने हात आखडता घेतला तर शेअरचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. दुसऱ्या मोठ्या गाडी कंपनीचा नावासकट, आकड्यासकट परवाना आला की ही जोखीम निम्मी झाली समजा. 'जगातल्या दहा बड्या कंपन्यांपैकी एक' असं बिननावाचं वाक्य आलं तर त्याला मी अर्धा गुणही देत नाही.

---

पावती_जपून_ठेवा

कराचं आणि पाठवणीचं माझ्याकडे. खालचे नियम २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. भारतात राहणाऱ्यांसाठी. दुबई, न्यू जर्सीवाल्यांनी आपापल्या सीएला विचारा.

पैसे उदारीकृत प्रेषण योजनेतून, म्हणजे एलआरएसमधून जातात. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. बँकेत ए२ फॉर्म भरताना उद्देशाचा कोड शेअर गुंतवणुकीचा, एस०००१, आहे ना ते बघा. वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) कापतात. तो जादा कर नव्हे, २६एएस मध्ये दिसतो आणि रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. उधारीवर, म्हणजे मार्जिनवर खेळायला एलआरएसचा पैसा चालत नाही. आणि पाठवलेले डॉलर ब्रोकरकडे नुसते पडून ठेवू नका. १८० दिवसांत गुंतवले नाहीत तर परत आणायचा नियम आहे. 'टप्पा आला की घेऊ' म्हणून डॉलर आधीच पाठवून ठेवणारे इथे हमखास चुकतात.

महिन्याला पाच हजारांची एसआयपी करू नका. बँकेचं पाठवणी शुल्क, त्यावर जीएसटी आणि डॉलरच्या भावातली तफावत. समजा प्रत्येक वेळी ठोक हजार रुपये गेले, तर पाच हजारांवर २० टक्के खेळ सुरू होण्याआधीच संपले. वर्षात एक-दोनदाच पाठवा.

खातं उघडताना डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेचे करनिवासी नाही हे सांगणारा) भरावा लागतो. सही केल्यानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाच्या ३१ डिसेंबरला तो संपतो, पुन्हा भरा. या कंपनीचा लाभांश नाही, त्यामुळे अमेरिकेत २५ टक्के कपात, फॉर्म ६७ वगैरे तूर्त लागू नाही. विक्रीच्या नफ्यावर अनिवासी म्हणून अमेरिका कर घेत नाही, भारतात भरायचा. परदेशी शेअरला इथे सूचीबद्ध धरत नाहीत: २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर १२.५ टक्के अधिक अधिभार-उपकर, इंडेक्सेशन नाही, आणि भारतीय शेअरना मिळणारी सव्वा लाखाची सूटही नाही. त्याआधी विकला तर तुमच्या स्लॅबने.

रुपयाची घसरणही करपात्र होते हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. १० डॉलरला घेतला तेव्हा डॉलर ८५ रुपये, १० डॉलरलाच विकला तेव्हा १०० रुपये: डॉलरमध्ये काही कमावलं नाही, पण शेअरमागे १५० रुपये नफा झाला आणि त्यावर कर. रूपांतर स्टेट बँकेच्या टीटी खरेदी दराने करतात, विक्रीच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. तो दर त्या त्या वेळी उतरवून ठेवा. दहा वर्षांनी शोधत बसाल.

तोटा झाला (या शेअरमध्ये तो विचार आधी करा) तर दीर्घकालीन तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो आणि भारतीय शेअरच्या दीर्घकालीन नफ्यातूनही वजा होतो. अट एकच: त्या वर्षीचं रिटर्न मुदतीत भरलेलं हवं.

सगळ्यात जास्त लोक पडतात ते शेड्यूल एफएमध्ये. एक शेअर असला तरी आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ घ्यायचा आणि परदेशी मालमत्ता दाखवायची: खरेदीची किंमत, वर्षातली सर्वोच्च किंमत, वर्षअखेरची किंमत. इथलं वर्ष कॅलेंडरचं असतं, जानेवारी ते डिसेंबर. नफ्याचं वर्ष मात्र एप्रिल ते मार्च. एकाच रिटर्नमध्ये दोन वर्षं, म्हणून गोंधळ. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे, दाखवण्यातून नाही.

शेवटचं, अशुभ वाटेल पण लांबच्या मुदतीत लागू आहे: धारकाचा मृत्यू झाला आणि अमेरिकेतली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असेल तर तिथला वारसा कर लागतो, दर ४० टक्क्यांपर्यंत. याबाबत भारत-अमेरिका करार नाही. घरच्यांना खात्याची माहिती द्या.

---

घासाघीस

भारतातल्या पर्यायांचं थोडक्यात, कारण निखळ असा एकही नाही. पुण्याच्या केपीआयटीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन तंत्रज्ञान दाखवलं, आयसर पुण्याबरोबर केलेलं काम. ते परवान्यानेच देतात. पण कंपनीची कमाई गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर चालते. बॅटरीसाठी तो शेअर घेणं म्हणजे चटणीसाठी वडापाव घेण्यासारखं, वडा आवडत असेल तरच घ्या. रिलायन्सने ब्रिटनची सोडियम-आयनवाली फॅराडियन घेतली, पण रिलायन्सच्या पसाऱ्यात ती दिसायला भिंग लागेल. एक्साइडने चीनच्या एसव्होल्टकडून आणि अमरराजाने चीनच्याच गोशनच्या गटाकडून तंत्रज्ञान घेतलं आहे. तिथे तुम्ही नव्या रसायनावर नाही, कारखाना नीट चालवण्यावर पैसे लावताय. वेगळा खेळ, बहुधा कमी थरारक.

लिथियम-बॅटरीचे ईटीएफ घेणार असाल तर आतली यादी उघडून बघा. खाणवाल्यांचा वाटा मोठा असतो, म्हणजे बॅटरी समजून लिथियमच्या भावावर पैसे लागतात.

---

तळ्यातला_मासा

ठरलं ते असं: ३ टक्क्यांचे चार भाग. एक आता. दुसरा 'सी' नमुना आल्यावर, तिसरा नावासकट दुसरा परवाना आल्यावर, चौथा रॉयल्टी प्रत्यक्ष विक्रीत दिसल्यावर. भाव कितीही पडला तरी टप्प्याशिवाय भर घालायची नाही. रोख सहा तिमाहींच्या खाली गेली आणि नवा करार नसेल तर बाहेर. डॉलर आधी पाठवून ठेवणार नाही. काही चुकतंय का?

---

ताळेबंद

टप्पा येईल तेव्हा भाव चढलेला असेल आणि 'आधीच घ्यायला हवा होता' असं वाटेल. ती खात्री मिळण्याची किंमत समजा. दर वेळी तो सहा रकान्यांचा तक्ता नव्या शेअरसंख्येने पुन्हा करा आणि गिगावॉट-तासांचा आकडा आवाक्याबाहेर गेला असेल तर टप्पा आला तरी सोडा.

---

सेलवाला

दुसऱ्या भागात एक दुरुस्ती. नुसता 'सी' नमुना पुरेसा नाही, तो कोणाच्या यंत्रांवर निघाला ते बघा. सॅन होझेच्या उत्पादन-ओळीवर कंपनीची स्वतःची, दहा-दहा वर्षं मुरलेली माणसं आहेत. त्यांच्या हातून माल चांगला निघेलच. धंदा परवान्याचा आहे, म्हणजे तीच कृती हातात देऊन पॉवरकोच्या किंवा कॉर्निंगच्या माणसांकडून तसाच पडदा भाजून निघायला हवा. प्रसिद्धिपत्रकात ठिकाणाचं नाव नसेल तर तो 'बी' नमुनाच समजा.